दुसऱ्याच्या आगीला हात

मी न्हावी आहे. बेचाळीस वर्षं गावाची डोकी माझ्या हाताखालून गेली. त्यात दोन पाद्री, एक नगराध्यक्ष आणि माझा मेहुणा एवारिस्तो. आपल्या हत्याराला परक्याने हात लावला की अंगाचा कसा तिळपापड होतो, हे मला कोणी शिकवायला नको. तरीही मी जे केलं ते केलं.

आमच्या भागात माणसाच्या राजकारणाला नावं ठेवा, त्याच्या फुटबॉल क्लबाला ठेवा, अगदी जिवावर उदार असाल तर त्याच्या आईच्या स्वयंपाकालाही ठेवा. पण तो आसादो, म्हणजे जाळीवरचं मांस, भाजत असताना त्याच्या निखाऱ्यांना हात लावायचा नाही. सल्ला द्यायचा नाही. "अजून किती वेळ?" असं विचारायचं नाही. भूक लागली तर पाव खायचा. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, कारण लिहायची वेळच कधी आली नाही.

एवारिस्तो माझ्या बायकोचा, ओफेलियाचा, धाकटा भाऊ. वय सहासष्ट. जन्मभर रस्त्याच्या कामावर रोलर चालवला, पण गावात त्याला रोलरसाठी कोणी ओळखत नाही. लग्न असो, बारसं असो, क्लबाची निवडणूक असो, जाळीपुढे एवारिस्तोच. त्याची बायको गेली तेव्हा पंधरा दिवस तो कोणाशी बोलला नाही. सोळाव्या दिवशी अंगणात कालदेनच्या लाकडाचे ओंडके फोडायला लागला. कुऱ्हाडीचा आवाज ऐकून ओफेलिया मला म्हणाली, "वाचला." तेव्हा ही आग त्याला काय आहे, ते मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

एप्रिलमधल्या एका शनिवारी त्याच्या मुलीच्या, यानिनाच्या, नव्या घराचा स्लॅब पडायचा होता. आमच्याकडे स्लॅबला शेजारी, मित्र, भाऊबंद येतात, सकाळपासून घमेली चढवतात, आणि दुपारी घरचं माणूस त्यांना आसादो घालतं. स्लॅब कसा झाला ते पाऊस पडल्यावर कळतं. आसादो कसा झाला ते त्याच दुपारी कळतं, आणि लोक पुढची वीस वर्षं त्यावरच बोलतात. अठरा माणसं येणार होती. माझी कंबर केव्हाच राजीनामा देऊन बसलीय, म्हणून मला घमेलं माफ. माझं काम एवढंच, की एवारिस्तोजवळ बसून माते, म्हणजे नळीने ओढायचा आमचा कडू चहा, ओतायचं आणि त्याला कंटाळा येऊ द्यायचा नाही.

मी आठाला पोचलो तेव्हा आग पेटलेली होती. तो सेंट्रिंगच्या फळीचा एक तुकडाही जाळत नाही. त्यांना तेल लावलेलं असतं, आणि ते तेल मांसाला लागलं तर त्याच्या मते देवही माफ करत नाही. फक्त कालदेन, तेही दोन वर्षं सुकवलेलं. एका बाजूला लोखंडी पिंजरा, त्यात ओंडके पेटतात. ते जळून तुटतात आणि खाली निखारे पडतात. ते निखारे तो लांब दांड्याच्या लोखंडी आकड्याने ओढून जाळीखाली नेतो. जाळ तिकडे, मांस इकडे, आणि दोघांची गाठ पडू द्यायची नाही. घाईच्या माणसाला हे जमत नाही. मी स्वतः तीनदा प्रयत्न केलाय, आणि तिन्ही वेळा आमच्या कुत्र्याची चंगळ झाली.

बरगड्यांची अख्खी फळी हाडाची बाजू खाली ठेवून जाळीवर पसरली होती. शेजारी पोटाचं मांस जाडसर गुंडाळून बाजूला, ते नंतर चढणार. एवारिस्तो नुसतं जाडं मीठ टाकतो. कोणी मसाल्याचं नाव काढलं, तर "मांस आजारी आहे का?" असं विचारतो.

त्याचा जावई फाब्रिसियो मूळचा राजधानीचा. मुलगा चांगला, पण खिशात मांसात खुपसायचा थर्मामीटर बाळगतो. घमेलं खांद्यावर घेऊन जाता जाता तो थांबला. "बाबा, दमलात तर सांगा. मी बघतो आग."

"जावईबापू," एवारिस्तो मान वर न करता म्हणाला, "तुम्ही आधी मातेचं पाणी न उकळता तापवायला शिका. मग आगीचं बघू."

शिडीवरची सगळी रांग हसली. दर रविवारी हाच प्रश्न आणि दर रविवारी नवी शिवी, असा त्यांचा परिपाठ. फाब्रिसियो तर शिवी चुकली तर नाराज होतो.

नंतर एवारिस्तोने नेहमीसारखा उजवा तळहात जाळीवर धरला. आमच्याकडे आग अशीच मोजतात. मांसाच्या उंचीवर हात धरायचा आणि मनात आकडे म्हणायचे. आठाला हात काढावासा वाटला, तर बरगड्यांसाठी आग बरोबर. मीही सवयीने मनात मोजत होतो. आठ झाले. दहा झाले. चौदा झाले, तरी हात तिथेच. मग मला वास आला, आणि तो बरगड्यांचा नव्हता.

"एवारिस्तो, हात!"

त्याने खाली बघितलं. करंगळीखालचा भाग जाळीच्या तापलेल्या पट्टीवर टेकला होता. त्याने हात उचलला आणि दुसऱ्या कोणाचा असावा तसा उलटसुलट करून पाहिला. कातडी पांढरी पडली होती. तोंडातून हूं का चूं नाही.

"दुखत नाही?" मी विचारलं.

"हळू बोला." त्याने शिडीकडे नजर टाकली. "जुलैमध्ये अर्धांगाचा झटका येऊन गेला, दाजी. छोटाच. सांता रोसाच्या डॉक्टरने सांगितलं, चालताय बोलताय, नशीबवान आहात. पण या हाताला आता गार-गरम काही कळत नाही."

"जुलै? म्हणजे नऊ महिने झाले. आम्हाला कोणालाच सांगितलं नाहीस?"

"ताईला सांगू? ती त्याच दिवशी जाळी वर-खाली करायचं चाक उपसून घरी घेऊन गेली असती."

त्यात खोटं काही नव्हतं. ओफेलियाने मला कंबरेच्या नावाखाली सायकल विकायला लावली होती.

"मग डावा हात धर."

"धरून पाहिला. डावा दर वेळी वेगळंच सांगतो. त्याला शिकवलंच नव्हतं कधी काही."

"मग तू मोजतोस तरी कसं?"

"जमतं," तो म्हणाला. जखमेला लोणी फासून वर रुमाल गुंडाळला आणि पिंजऱ्यात दोन नवे ओंडके सारले. "कोणाला बोलायचं नाही, दाजी. शब्द द्या."

मी शब्द दिला. नऊ महिने हा माणूस अंदाजाने भाजतोय, असं मी धरून चाललो. आणि गंमत म्हणजे त्या नऊ महिन्यांत त्याच्या हातचं खाऊन मी बोटं चाटली होती, ते मला त्या वेळी आठवलं नाही. माणसाला एकदा कीव आली की त्याची अक्कल चरायला जाते.

बाराच्या सुमाराला वरून यानिनाची हाक आली. शेवटचं घमेलं घरच्या वडीलधाऱ्याने ओतायचं. एवारिस्तोने आकडा घेतला, निखाऱ्यांची चांगली जाड रास बरगड्यांखाली ओढली, कण्याकडच्या बाजूला जास्तच. मला तरी ती फार वाटली. मग दक्षिणेकडे तोंड करून क्षणभर उभा राहिला.

"इथे बसा. कुत्रं आलं तर हाकला. बाकी काही करायचं नाही," तो म्हणाला आणि शिडी चढायला लागला.

बाकी काही करायचं नाही. शब्द स्पष्ट होते. पण मी उठलो, इकडेतिकडे पाहिलं आणि माझा हात जाळीवर धरला. एक, दोन, तीन, चार. पाचाला हात काढला. मनात म्हटलं, झालं, मेलेल्या हाताने दगा दिला. वर त्याची मुलगी, जावई, सगळा गाव, आणि खाली बरगड्यांचा कोळसा होणार. सगळ्यांसमोर त्याची शोभा होईल. मी त्याला वाचवतोय, असं मला अगदी मनापासून वाटलं. मी आकडा उचलला आणि निम्मे निखारे बाहेर, विटांच्या कडेला ओढून टाकले. मग आकडा होता तिथे, होता तसा ठेवला आणि स्टुलावर बसून मातेची नळी तोंडात धरली.

तिकडे काँक्रीटचा मिक्सर अडकला होता. दहा मिनिटांचं काम पाऊण तासावर गेलं. मधेच दक्षिणेचा वारा सुटला, गार, सरळ जाळीखालून. कडेला ओढलेले निखारे राख होऊन उडाले, आणि खाली उरलेल्यांचं तोंड पांढरं पडलं. मी हात धरला. पंधरापर्यंत मोजलं तरी काही नाही. परत ओढावेत म्हटलं तर ओढायला उरलं होतं काय? पिंजऱ्यात नवे ओंडके नुसते भडकत होते, निखारा व्हायला त्यांना अजून अर्धा तास हवा होता. तो वारा येणार हे त्याला कळलं होतं. म्हणून रास जाड होती. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

एवारिस्तो शिडी उतरला, सिमेंटने माखलेला, खूश. जाळीपासून चार पावलांवर तो थांबला. त्याने हात पुढे केला नाही. खाली वाकूनही पाहिलं नाही. नुसती मान कलती केली, दाराआड कोणी बोलत असेल तर आपण करतो तशी.

"थेंब पडत नाहीयेत," तो म्हणाला.

"काय?"

"चरबी, दाजी. चांगल्या आगीत बरगड्यांची चरबी निखाऱ्यावर पडते, तिचा आवाज असतो. दोन थेंबांमध्ये किती वेळ जातो, त्यावरून मला कळतं. हात गेल्यापासून मी तेच ऐकतो." तो गुडघ्यावर बसला. त्याने ती पांढरी राख पाहिली. "मी तर जाड घातली होती. निदान मला तरी तसं वाटलं होतं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस अंदाजाने भाजत नव्हता. सहासष्टाव्या वर्षी, एकट्याने, कोणाला न सांगता, तो हाताचं काम कानाला शिकवून बसला होता. आणि मी त्याच्या स्टुलावर बसून माते पीत होतो.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण वरून अठरा माणसं खाली उतरत होती, आणि मी मूग गिळून बसलो. कोणी आगीला हात लावला असेल, हा विचार एवारिस्तोच्या मनाला शिवलाच नाही. कसा शिवणार? असं कोणी करतच नाही. त्याच्या हिशेबात एकच चूक करणारा उरत होता.

पुढच्या तासाभरात त्याने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. माणसं बाकांवर बसली, पाव आणि भाजलेली सॉसेजं त्यांच्यापुढे गेली. फाब्रिसियो येऊन म्हणाला, "बाबा, ओंडकेच सारा ना खाली, पटकन होईल." एवारिस्तो शांतपणे म्हणाला, "जाळाने मांस जळतं, बाळा, शिजत नाही." शिवी नाही, काही नाही. तो ओंडक्यावर आकड्याने एकेक टोला द्यायचा, खाली पडलेला एकेक निखारा न्यायचा, जिथे मांस जाड तिथे दोन, पातळ तिथे अर्धा. चाक फिरवून जाळी बोटभर खाली घ्यायचा, मान कलती करायचा, पुन्हा नखभर वर. वाऱ्याच्या बाजूला पत्रा उभा केला. कपाळावरून घाम गळत होता, पण हालचालीत घाई म्हणून नव्हती. बिघडलेलं काम सावरताना माणसाचा खरा कस दिसतो. माझ्या हातून कोणाचा कान कापला गेला असता, तर मी कात्री टाकून पळालो असतो.

बरगड्या टेबलावर आल्या तेव्हा दोन वाजून गेले होते. चांगल्या होत्या. कोणाच्याही अंगणात त्यांना वाहवा मिळाली असती. पण हाडाजवळ किंचित चिवट, आणि चरबी पुरती उतरलेली नव्हती. एवारिस्तोने फळीवर एक तुकडा कापला, तोंडात टाकला, चावला आणि सुरी खाली ठेवली.

"आसादोरसाठी टाळ्या!" भाजणाऱ्याच्या नावाने कोणीतरी रिवाजाप्रमाणे ओरडलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नेहमीपेक्षा जास्त. म्हाताऱ्या पाद्रीच्या अडखळलेल्या प्रवचनानंतर वाजवतात तशा. त्या टाळ्यांत प्रेम होतं, आणि म्हणूनच ऐकवत नव्हतं.

फाब्रिसियोला वाटलं, वातावरण हलकं करावं. "बाबा, पुढच्या रविवारी तुम्ही बसा. मी बघतो आग."

सगळे शिवीची वाट बघत राहिले. एवारिस्तो टेबलाला वळसा घालून आला आणि त्याने लोखंडी आकडा जावयापुढे धरला.

"घे," तो म्हणाला. "पुढच्या रविवारपासून तू बघ. मला आता कळत नाही."

फाब्रिसियोने आकडा घेतला, कारण हातात दिलेली वस्तू माणूस घेतोच. पण त्याचा चेहरा पार उतरला. यानिना उठायला लागली. एवारिस्तोने हात पुसले, आणि मला दिसलं, की आता या हातांचं काय करायचं ते त्याला उमजत नाहीये.

मी उभा राहिलो. कंबरेतून कळ गेली.

"आगीला मी हात लावला."

कोणाला काही समजलं नाही. ओफेलिया म्हणाली, "अहो, काय बडबडताय? बसा खाली."

"एवारिस्तो वर गेला तेव्हा मी निखारे बाहेर ओढले. त्याची आग बरोबर होती. मी बिघडवली."

सत्तर वर्षांचा माणूस, गावातल्या प्रत्येकाच्या गळ्यावरून वस्तरा फिरवलेला, आणि त्याने हे केलं. शेजारचा माणूस बाकावर माझ्यापासून थोडा दूर सरकलेला मी पाहिला.

"पण का, काका?" फाब्रिसियोने विचारलं.

एवारिस्तोची नजर माझ्यावर होती. रुमाल बांधलेला हात त्याने पाठीमागे नेला.

"मला वाटलं, मला जास्त कळतं," मी म्हणालो. आणि त्यात खोटं काही नव्हतं.

एवारिस्तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता बसणार एक.

"किती ओढलेत?"

"निम्मे."

"कुठल्या बाजूचे?"

"कण्याकडचे."

"कधी?"

"तू शिडी चढलास तेव्हाच. वारा सुटायच्या आधी."

त्याचे ओठ हलत होते. वारा किती, रास किती, मिक्सरने किती वेळ खाल्ला, सगळं तो मनात जुळवत होता. जुळलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी चव्वेचाळीस वर्षांच्या सोयरिकीत पाहिलं नव्हतं. आपला घात झाला हे ऐकून इतका आनंदलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

"म्हणजे मी बरोबर होतो," तो हलक्या आवाजात म्हणाला. मग वळून मोठ्याने, "जावईबापू, आकडा आणा इकडे. हातात काय धरलंय ते तरी कळतंय का? नांगरासारखा धरलाय."

फाब्रिसियोने इतक्या आनंदाने कधी शिवी खाल्ली नसेल.

"आणि दाजी, तुम्ही ताट उचला आणि त्या भिंतीपलीकडे जाऊन बसा. माझी आग दिसेल तिथे बसायचं नाही."

मी ताट उचललं आणि गेलो. सगळं टेबल हसत होतं, ओफेलिया सोडून. गावात माझं नाव गेलं ते त्या दिवशी गेलं. आजही खुर्चीत बसताना एखादा टवाळ म्हणतो, "कात्रीच चालवा हं, दुसऱ्या कशाला हात लावू नका." का केलं, ते ओफेलियाने रात्रंदिवस विचारलं, आणि मी तिला सांगितलं नाही. शब्द दिला होता, तो तरी पाळला.

भिंतीपलीकडे वाळूचा ढीग होता, त्यावर बसलो. पलीकडून आगीचा काही आवाज येईना. पोटाचं मांस त्याने आता चढवलं असणार, आणि मान कलती करून बसला असणार. मीही कान दिला. मला वारा ऐकू आला, माणसं ऐकू आली, बस्स.

अर्ध्या तासाने तो स्वतः आला. सगळ्यांना वाढून झालं होतं, तो स्वतः जेवलेला नव्हता. डाव्या हातात पावाचा तुकडा, त्यावर मांसाची एक जाड चकती, कडेला खरपूस, आत गुलाबी, पावात रस उतरलेला.

"पुन्हा हात लावलात, तर ताईला विधवा करीन," तो म्हणाला, आणि तो पाव माझ्या हातात ठेवून आगीकडे परत गेला.

मी खाल्लं. इतकं चांगलं मांस मी आयुष्यात खाल्लेलं नाही, आणि ते मला मिळायला नको होतं.